भांडण क्युबाचं, मग मनिला कशाला?

१८९८ चं अमेरिका-स्पेन युद्ध वृत्तपत्रांनी पेटवलं, असं एका लेखकाचं म्हणणं वाचलं. मला ते अर्धंच पटलं. १५ फेब्रुवारीला हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका बुडाली आणि पेपरवाल्यांनी रान उठवलं, हे खरंच. पण भांडण क्युबा या स्पेनच्या वसाहतीवरून असताना पहिली मोठी लढाई १ मेला थेट फिलिपिन्स या स्पेनच्या दुसऱ्या वसाहतीत, मनिलाच्या उपसागरात कशी झाली? हाँगकाँगला जमा, कोळसा भरून ठेवा, अशी तार अमेरिकी नौदल खात्यातल्या थिओडोर रूझवेल्टने आशियातल्या अमेरिकी ताफ्याचा प्रमुख ड्यूई याला फेब्रुवारीतच केली होती. तयारी आधीची होती, निमित्त नंतर मिळालं.

मनिला पडली तो प्रकार तर निव्वळ नाटक. शहराला वेढा घातला होता स्पेनविरुद्ध लढणारा फिलिपिनो नेता आगिनाल्डो याच्या फौजेने. स्पॅनिश गव्हर्नरने मात्र अमेरिकनांशी आतून संधान बांधलं, १३ ऑगस्टला लुटुपुटूची लढाई झाली (माणसं त्यातही मेलीच) आणि शहर अमेरिकनांच्या हवाली. स्थानिक फौजेला वेशीबाहेरच थोपवलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं, बदल्यात स्पेनला २ कोटी डॉलर. ज्यांचा देश त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही! दोन महिन्यांत त्यांच्याशीच युद्ध जुंपलं.

क्युबा गिळणार नाही, असं अमेरिकी काँग्रेसने युद्धाच्या ठरावाला जोडलेल्या टेलर दुरुस्तीत लिहून दिलं होतं. मग १९०१ मध्ये प्लॅट दुरुस्ती आणून क्युबात हस्तक्षेपाचा हक्क राखून ठेवला. क्युबातला ग्वांतानामोचा नौदल तळ त्यातूनच मिळाला, तो अजून सोडलेला नाही.