कॅप हरला नाही, थांबला

शाळेच्या ग्रुपवर चार दिवस झाले मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर'च्या शेवटावरून जुंपलीय. सिनेमा नाही हं, मूळ कॉमिक, मार्क मिलरने लिहिलेलं आणि स्टीव्ह मॅकनिव्हनने काढलेलं, २००६-०७ चे सात अंक. त्यात सुपरहिरोंनी सरकारकडे नाव नोंदवायचा कायदा येतो, कॅप्टन अमेरिका म्हणजे कॅप त्याच्या विरोधात, टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन बाजूने, आणि दोघांत जुंपते. पुण्यातल्या एका मित्राच्या मुलाने ते वाचलं आणि बापाला विचारलं, कॅप्टन अमेरिका जिंकत होता ना, मग शरण का गेला? झालं, लगेच दोन तट. अर्धे म्हणतात कॅपने कच खाल्ली, अर्धे म्हणतात टोनी स्टार्कच बरोबर, सुपरहिरोंनी सरकारकडे नाव नोंदवायचं असा कायदा आहे ना, मग नोंदवा, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला.

हे वाक्य मी याच ग्रुपवर आधारच्या वेळी पण वाचलंय. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन आधार वैध ठरवलं, पण बँक खातं आणि मोबाइलला जोडायची सक्ती काढली, तेव्हा पण हीच माणसं भांडत होती. मी गप्प बसलो होतो, आता बोलतो.

मी तेरा वर्षं अमेरिकेत आहे. ग्रीन कार्ड कायद्याने कायम जवळ बाळगायचं, घर बदललं की दहा दिवसांत सरकारला कळवायचं. गेल्या वर्षी आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेलो, कुकर कुठल्या खोक्यात गेलाय ते सापडत नव्हतं आणि बायको फरशीवर बसून फोनवर पत्ता बदलायचा फॉर्म भरत होती, आधी माझा, मग स्वतःचा. पाच मिनिटांचं काम आहे, त्रास त्याचा नाहीच. यादी ज्याच्या हातात आहे तो उद्या कोण असेल हे ठरवताना मला मत नाही, हा त्रास आहे. तुम्हाला तिकडे मत आहे रे, म्हणून 'घाबरायचं कशाला' इतक्या सहज म्हणता येतं.

म्हणजे मी मनाने कॅपच्या बाजूचा. पण मी नोकरीला स्टॅमफर्डला जातो, कनेटिकटमधलं तेच स्टॅमफर्ड जिथे कॉमिकची सुरुवात होते. टीव्ही शोसाठी गुंडांना पकडायला गेलेले तरुण हिरो, शाळेशेजारी त्या गुंडांतल्या नायट्रोने केलेला स्फोट, सहाशेच्या वर माणसं जातात, त्यात शाळेतली पोरं. सकाळी स्टेशनवरून ऑफिसला चालत जाताना पिवळी स्कूलबस थांबलेली दिसते, लाल दिवे लावून, मागे सगळा ट्रॅफिक उभा, आणि दप्तर सावरत एखादं पोरगं चढत असतं. त्या पोराची आई कायदा मागायला उभी राहिली तर तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

म्हणून मला सातवा अंक पटतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मारामारी, टोनी खाली पडलेला, कॅपची ढाल वर, आणि मागून माणसं त्याच्यावर झेप घेतात. तो आजूबाजूला बघतो तर सगळं शहर मोडलेलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण मारामारी जिंकतोय पण मुद्दा हरतोय हे त्याला तिथे कळतं, मग तो स्वतःच मास्क काढतो आणि स्टीव्ह रॉजर्स या खऱ्या नावाने बेड्या घालून घेतो. आयरिश स्थलांतरितांचा मुलगा आहे तो, हे मला इथे राहायला लागल्यावर जास्त लागलं.

पटत नाही ते त्यानंतरचं. टोनी 'शिल्ड' या सरकारी गुप्तहेर संस्थेचा प्रमुख, पन्नास राज्यांत पन्नास टीम, स्टॅमफर्डमध्ये मुलगा गमावलेल्या मिरियम शार्पशी त्याचं बोलणं, सगळं कसं उजळ. पण नोंदणी नाकारली म्हणून खटला न चालवता निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्याच मितीतल्या तुरुंगात डांबलेल्यांचं काय, त्याचा हिशोब शेवटी कुणीच मांडत नाही. ग्रुपवर पण नाही मांडला कुणी.

मित्राच्या मुलाला मी एवढंच लिहिलंय, ते पान परत उघड आणि कॅपला कुणी धरलंय ते नीट बघ. फायर ब्रिगेडवाला आहे, अँब्युलन्सवाला आहे, पोलीस आहे. एकाकडेही कसली पॉवर नाहीये.