‘जुनी फोर-बाय-फोर वाळवंटात दगा देत नाही’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

दिवाळी सरली आणि जैसलमेरचे बेत सुरू झाले, की जळगाव-धुळ्याच्या मोबाइलांवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा हाच: ‘खान्देशचा उन्हाळा पचवलेली जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) राजस्थानात दगा देत नाही. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून बिघडायला काही नाही. बिघडलीच तर कुठल्याही गावचा मिस्त्री पान्या-हातोडीनं चालू करून देतो. टायरची हवा कमी केली की वाळूतून निघते. नव्या गाडीचा एक सेन्सर गेला की ती डबा. तेव्हा जुनी काढा आणि निघा.’

यातलं एकही वाक्य पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच ते पटतं. पण गाडी आडरानात उभी राहते ती वयामुळे किंवा सेन्सरमुळे क्वचितच. उभी राहते ती रबर, बेअरिंग, वायर आणि पाण्यामुळे, आणि लागणारा पार्ट त्या रस्त्यावर मिळत नाही म्हणून.

‘खान्देशचा उन्हाळा पचवला’ इथून सुरुवात करू. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो हे खरं, पण इथे ती गाडी डांबरी रस्त्यावर ५०-६० च्या वेगानं चालते आणि समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. मऊ वाळूत लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरात) वेग १०-१५, इंजिनावर पूर्ण भार, आणि वारा पाठीमागून असला तर रेडिएटरला हवा देणारा एकटा पंखा. जुन्या गाडीचा पंखा बेल्टवर चालतो. त्याभोवतीचं आवरण कोणीतरी काम करताना काढून ठेवलेलं असतं आणि परत बसवलेलं नसतं. आवरण नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो. डांबरी रस्त्यावर हे कळत नाही. वाळूत अर्ध्या तासात कळतं.

त्यात आपली दोन खास खान्देशी दुखणी. पहिलं बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं तेच क्षाराचं पाणी भरलेला रेडिएटर आतून चुन्यानं अर्धा बुजलेला असतो. इंजिन गरम असताना गाडी बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर वेगवेगळ्या जागी हात जवळ नेऊन पाहा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. मग रॉडिंग करा (नळ्यांत सळई घालून चुना काढा) किंवा कोअर, म्हणजे नळ्या-जाळीचा गाभा, बदला. नुसतं कूलंट ओतून उपयोग नाही. दुसरं काळ्या मातीची धूळ. ती जाळीत बसून पावसात भिजली की घट्ट होते. फुंकर मारायची ती इंजिनाच्या बाजूनं बाहेर, नाहीतर माती आणखी आत जाते.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी पाहतच नाही. ०.९ बार दाबाचं झाकण असलेल्या गाडीत दाब टिकत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर कडक झालं की तेच पाणी १०० ला उकळून बाहेर. किरकोळ किमतीचा हा पार्ट हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचा सील) वाचवतो. आणि ‘थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाक, गाडी थंड राहते’ हा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो. शिवाय थरच्या वाळवंटात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. पहाटे डिझेल इंजिन तापायलाच तयार होत नाही.

‘इलेक्ट्रॉनिक्स नाही.’ कोणत्या गाडीत? मेकॅनिकल पंपावर चालणाऱ्या महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपला, म्हणजे २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनाला, हे लागू पडतं. ते एकदा चालू झालं की विजेची फारशी गरज नाही. पण मारुतीची जिप्सी २००० च्या सुमारास एमपीएफआय झाली, म्हणजे पेट्रोल फवारणं संगणकाकडे गेलं. २०१० ची महिंद्रा थार सीआरडीई कॉमन रेलची, तिच्यात डिझेलचं तेच. आज या गाड्या ‘जुन्या’ म्हणून विकल्या जातात, आणि त्यांत ईसीयू (इंजिनाचा संगणक) ही आहे आणि म्हाताऱ्या वायरीही. म्हणजे दोन्हीकडचा त्रास एकाच बॉनेटखाली. ईसीयू सहसा मरत नाही; मरतात त्याला वीज देणारे कनेक्टर आणि अर्थिंग.

तपासणी अगदी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग मल्टिमीटरचं (व्होल्ट मोजायच्या यंत्राचं) एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर लावून सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. बऱ्याच ‘सेल्फ गेला’च्या तक्रारी या पट्टीच्या असतात, आणि लोक सेल्फ बदलून येतात.

कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाडीला आणखी एक भानगड आहे. तापलेल्या इंजिनाशेजारच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढतो आणि गाडी आचके देत बंद पडते. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवून वीसेक मिनिटं थांबलं की सुरू होते. ‘पंप गेला’ म्हणून खोलायला बसू नका.

आता मिस्त्रीचा मुद्दा, जो मेसेजमधला सगळ्यात फसवा आहे. पश्चिम राजस्थानातल्या गावचे मिस्त्री हुशार आहेत, शंका नाही. पण ते दुरुस्त करतात ती त्यांच्या दारात रोज येणारी वाहनं: ट्रॅक्टर आणि बोलेरो कॅम्पर. कॅम्परचा फॅन बेल्ट, क्लच प्लेट, व्हील बेअरिंग छोट्या बाजारातही सापडतं. प्यूजो इंजिनाचा वॉटर पंप किंवा जुन्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा सील तिथे कोणाच्या फळीवर असायचं कारण नाही. जिप्सीचं उत्पादन २०१९ च्या आसपास थांबलं. पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या गाड्यांमुळे जैसलमेर शहरात तिचे पार्ट मिळतील, पण शंभर किलोमीटर पुढे नाही. हातोडीनं सील बनत नाही. म्हणून जुनी गाडी न्यायची तर पार्टची पेटी धुळ्यातूनच भरून न्या: रेडिएटरचे वरचे-खालचे होज आणि अर्धा डझन क्लिपा, दोन फॅन बेल्ट, वॉटर पंप गॅस्केटसह, क्लचच्या मास्टर-स्लेव्ह सिलिंडरचे रबर किट (केबल असेल तर केबल), पुढचं एक व्हील बेअरिंग सीलसकट, शाफ्टचा एक क्रॉस, दोन डिझेल फिल्टर, दोन मीटर फ्युएल पाइप, पाट्याचे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगचे) दोन सेंटर बोल्ट, एक यू-बोल्ट. सोबत किलोभर ग्रीस, ३ लिटर इंजिन ऑइल, २ लिटर गिअर ऑइल, ५ लिटर कूलंट. फॅन बेल्ट नवा टाकला की मधोमध अंगठ्यानं दाबून १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. तासाभरानं पुन्हा बघायचा, कारण नवा बेल्ट ताणला जाऊन सैल होतो.

डिझेल फिल्टर बदलल्यावर हवा काढता येणं हेही त्या पेटीइतकंच महत्त्वाचं. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू कसा. तरीही गाडी लागली नाही तर, पण फक्त मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनात (कॉमन रेलमध्ये नाही), इंजेक्टरकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की कसा. हे घरच्या अंगणात एकदा करून पाहिलेलं असावं.

‘हवा कमी केली की निघते’ हे तर अर्धवट सांगणं धोक्याचं आहे. ट्यूबलेस रेडियल असेल तर ३० वरून १६-१८ पीएसआयवर आणा, वेग ३०-४० च्या आत ठेवा, झटक्यानं वळू नका, आणि डांबर लागताच परत भरा. पण जुन्या जीपला ६.००-१६ चे ट्यूबवाले टायर असतात. हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. ते पंक्चर निघत नाही, ट्यूबच बदलावी लागते. अशा टायरला २० च्या खाली जाऊ नका, वाटेत उतरून व्हॉल्व्ह तिरपा झालाय का पाहा, आणि दोन ट्यूब जास्तीच्या ठेवा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असंही नाही. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. शेतावर उभ्या राहिलेल्या गाडीत असे जुने टायर सर्रास दिसतात. हवा कमी केल्यावर बाजूची भिंत वाकते आणि भेगा तिथेच उघडतात.

वाळूत अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं हे मेसेज लिहिणारा विसरला. जिप्सीची टाकी ४० लिटरची. वाळूत लिटरला ५ धरले तर २०० किलोमीटर, त्यातला तिसरा हिस्सा राखीव, म्हणजे हिशेब १३०-१३५ चाच. वीस लिटरचा भरलेला कॅन वीसेक किलोचा होतो. चार कॅन टपावरच्या कॅरिअरला बांधले की उतारावर गाडी कलंडायला सोपी. केळीचे घड वाहून पाटे बसलेली गाडी असेल तर आणखीच.

कच्छच्या रणाला यातलं काहीच लागू नाही. तिथे वाळू नाही. मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. पापुद्रा फुटला की फोर-बाय-फोरसुद्धा बसते. परवानगी असलेल्या वाटेवरच राहा, आणि परतल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुवा.

नव्या गाडीच्या सेन्सरचं म्हणणं मात्र काही अंशी मान्य. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला बराच वेळ सलग वेगात चालावं लागतं, आणि वाळूत ते जमत नाही. वाटेत मध्येच चांगल्या रस्त्यावर गाडी पळवावी लागते. ड्रममधलं पाणी मिसळलेलं डिझेल कॉमन रेलच्या इंजेक्टरला मारतं. जुना पंप ते थोडंफार सोसतो. पण त्याला उत्तर आहे: भरवशाच्या पंपावरच भरा, फिल्टरमधलं पाणी काढत राहा, सेन्सरचा दोष दाखवणारा स्कॅनर जवळ ठेवा. थकलेल्या बेअरिंगला कोणताही स्कॅनर नाही.

आणि ‘काढा आणि निघा’ तर अजिबात नको. गाडी सहलीच्या पूर्ण वजनानं भरा आणि दुपारच्या वेळी शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं आणि इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. वाळूत तो पहिल्याच दिवशी जळेल. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला, तर रेडिएटरकडे परत जा. कोरड्या पात्रातल्या मोकळ्या वाळूत फोर-व्हीलचा लीव्हर टाकून पुढची चाकं खरंच फिरतात का पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेली लिंकेज (लीव्हरचे जोडदांडे) आणि हब (चाकाचा मधला भाग) गंजून अडकलेली असतात. डांबरावर मात्र फोर-व्हील लावून फिरवू नका, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण साचतो. शेवटी ५०-६० किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि चारही हबांना हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा चटका देण्याइतका गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग गेलंय. ते धुळ्यातच उघडा, कारण इथून जैसलमेर हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि तसं बेअरिंग वाळूपर्यंत पोचतच नाही.