जुना गेम म्हणजे हलका गेम नव्हे

"जुने गेमच खेळायचेत ना? मग कसला एवढा विचार! कुठलाही छोटा बोर्ड घ्या, दहा हजार गेमवालं कार्ड टाका, सगळं चालतं. अडखळलंच तर जास्त कोरचा प्रोसेसर घ्या, नाहीतर ग्राफिक्स कार्ड लावा. चिप 6 वॉटची असली की विजेचा प्रश्नच मिटला. बटण दाबल्यावर जरा उशीर होतो, पण एमुलेशन म्हटलं की तेवढं चालायचंच."

हा सल्ला या ना त्या शब्दांत सगळीकडे फिरतो. त्यावर भरवसा ठेवून मशीन जोडणारे लोक महिनाभरात वैतागतात, एमुलेटरला (जुन्या गेम-मशीनची, म्हणजे कन्सोलची, नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला) नावं ठेवतात आणि मशीन कपाटात जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं. कमी विजेवर चालणारं, पंख्याचा आवाज न करणारं आणि तरीही झकास खेळता येणारं मशीन नक्की जमतं. पण या सल्ल्याने नाही. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेतो.

"कुठलाही छोटा बोर्ड घ्या." छोटा बोर्ड म्हणजे तळहातात मावणारा, एकाच पाटीवरचा संगणक. तो पुरेल यामागे समज असा की गेम जुना, म्हणजे काम थोडं. पण एमुलेटर नुसता गेम उघडत नाही, तो अख्खा कन्सोल सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. निन्टेंडोच्या एनईएसचा, म्हणजे जपानमधल्या 1983 च्या फॅमिकॉमचा, प्रोसेसर जेमतेम 1.79 मेगाहर्ट्झचा. पण त्याच्या शेजारी चित्राची चिप त्याच्या तिप्पट वेगाने ठिपक्यामागून ठिपका काढत असते, आवाजाचं काम वेगळंच चालू असतं, आणि हे सगळं एकाच क्लॉकला, म्हणजे चिपला चालवणाऱ्या ठोक्याला, बांधलेलं. तुमच्या प्रोसेसरला या सगळ्यांची कामं आळीपाळीने करायची असतात आणि कुणीही कुणाच्या पुढे-मागे जाऊ द्यायचं नसतं.

सुपर निन्टेंडोवरचा 'एअर स्ट्राइक पेट्रोल' घ्या. विमानाखाली जमिनीवर त्याची सावली पडते. पडद्यावरची एक आडवी ओळ काढणं चालू असताना, मध्येच चित्राच्या चिपची सेटिंग बदलून गेम ही सावली उमटवतो. आख्खी ओळ एका दमात काढून टाकणाऱ्या एमुलेटरला हा मधला बदल कळतच नाही आणि सावली गायब होते. ती दिसायला हवी असेल तर ठिपक्या-ठिपक्याला हिशेब ठेवावा लागतो. असा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या बीएसनेस या एमुलेटरला 2011 च्या सुमारास 3 गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा. त्याच कन्सोलचे जुने एमुलेटर काहीशे मेगाहर्ट्झवर चालून गेले होते. गेम तोच, कन्सोलही तोच, मग काम कित्येक पटींनी वाढलं कशामुळे? अचूकतेमुळे.

आणि वय तर मुळीच माप नाही. सोनीचा प्लेस्टेशन आणि सेगाचा सॅटर्न, दोघंही 1994 चे. प्लेस्टेशनमध्ये सुमारे 33.9 मेगाहर्ट्झचा एक मुख्य प्रोसेसर आहे; त्याचे गेम लहान बोर्डांवर सहसा छान चालतात. सॅटर्नमध्ये मात्र दोन मुख्य प्रोसेसर, चित्रासाठी दोन चिप, आवाजासाठी आणखी एक प्रोसेसर. एकाच वर्षाची दोन मशीनं, पण एमुलेटरच्या डोक्यावरचं ओझं पार वेगळं. पुढे 2000 सालच्या प्लेस्टेशन 2 मध्ये 295 मेगाहर्ट्झच्या मुख्य प्रोसेसरला दोन व्हेक्टर युनिटं (गणितं करणारे मदतनीस) जोडलेली आहेत, आणि इनपुट-आउटपुटचं काम बघायला जुन्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर आत बसलाय तो वेगळाच.

म्हणून रास्पबेरी पाय 4 सारख्या छोट्या बोर्डवर 8 आणि 16 बिटचे कन्सोल (एनईएस, सुपर निन्टेंडोसारखे) मजेत खेळा, पहिला प्लेस्टेशनही खेळा. निन्टेंडो 64 चे बरेच गेम चालतील, काही अडखळतील. प्लेस्टेशन 2 ची आशा त्यावर ठेवू नका. तो हवा असेल तर निदान मिनी पीसीत येणारी इंटेल एन100 सारखी चिप घ्या, आणि तिच्यावरही जड गेम कुथतील हे गृहीत धरा. खरेदीआधी तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड गेम शोधा आणि मशीन त्याच्या मापाने घ्या.

"जास्त कोर घ्या." कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. बहुतेक कन्सोलच्या बाबतीत हे पैसे वाया जातात. वर सांगितलेल्या चिप एकमेकींवर सतत अवलंबून असतात. त्या वेगवेगळ्या कोरवर वाटल्या तर सेकंदाला लाखो वेळा एकमेकींसाठी थांबावं लागेल, आणि त्या थांबण्यातच मूळ कामापेक्षा जास्त वेळ जाईल. गेमक्यूब आणि वीचा एमुलेटर डॉल्फिन मुख्यतः दोन थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांत, चालतो; प्लेस्टेशन 2 चा पीसीएसएक्स2 दोन-तीन थ्रेडवर. बाकीचे कोर बसून राहतात. तेव्हा एका कोरचा वेग बघा. अपवाद आहे तो प्लेस्टेशन 3 चा. त्याच्या आरपीसीएस3 या एमुलेटरला जास्त कोरचा खरोखर उपयोग होतो, पण ते कमी विजेच्या मशीनचं काम नव्हे.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. जुन्या गेमचं चित्र दुप्पट-चौपट रिझोल्युशनमध्ये काढायचं असेल किंवा जुन्या टीव्हीसारखा भास देणारे जड शेडर (चित्रावरचे फिल्टर) लावायचे असतील, तर ग्राफिक्सची ताकद कामी येते. गेमचा वेगच कमी पडत असेल तर आधी रिझोल्युशन मूळ आकारावर आणून बघा. तरीही अडखळत असेल तर दोष बहुधा प्रोसेसरचा आहे, आणि कार्ड लावून फक्त विजेचा खर्च वाढेल.

आता "6 वॉट". एन100 च्या कागदावर 6 वॉट लिहिलंय हे खरं. पण तो आकडा चिपच्या उष्णतेच्या हिशेबाचा आहे, भिंतीतल्या सॉकेटमधून मशीन किती ओढतं त्याचा नव्हे. मेमरी, एसएसडी, वायफाय आणि ॲडॉप्टरमधली गळती त्यात धरलेलीच नाही. शिवाय मिनी पीसी बनवणारे बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ही मर्यादा बरेचदा वाढवून ठेवतात. ती खरंच 6 वर आवळली तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. रेसिंग गेमची पहिली फेरी मस्त जाते. मग चिपला सुरुवातीला मिळालेली जादा विजेची मुभा संपते, क्लॉक खाली येतो आणि सगळ्यात आधी आवाज चिरकतो. चित्र अजून ठीक वाटत असतं, पण इंजिनाच्या आवाजात खरखर सुरू झालेली असते. म्हणून सॉकेटला लावायचा साधा वॉटमीटर घ्या आणि अर्धा तास खेळून झाल्यावर आकडा वाचा.

इथेच आणखी एक चूक घडते. जुना 750 वॉटचा पॉवर सप्लाय घरात पडलेला असतो, तोच लावला जातो. तो कायम 750 वॉट ओढतो असं अजिबात नाही, पण कार्यक्षमतेचा 80 प्लसचा शिक्का साधारणपणे 20, 50 आणि 100 टक्के लोडवर मोजून मिळतो. 750 चे 20 टक्के म्हणजे 150 वॉट. तुमचं मशीन 20 वॉट घेत असेल तर ते 3 टक्क्यांच्याही खाली आहे. तिथली कार्यक्षमता तो शिक्का सांगतच नाही, आणि ती सहसा बरीच खालावलेली असते. छोट्या मशीनला छोटा बाहेरचा ॲडॉप्टरच शोभतो.

"दहा हजार गेमवालं कार्ड" घेऊ नका, एवढंच म्हणेन. हे गेम हक्कदारांना न विचारता भरलेले असतात, कार्ड बहुधा हलक्या दर्जाचं असतं, आणि वीज गेली की त्यावरची सेव्ह फाइल खराब होऊ शकते. स्वतःच्या कार्ट्रिज आणि डिस्कमधून फाइली काढा आणि एसएसडीवर ठेवा.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं: उशीर "चालायचाच". मुळीच नाही. आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, बऱ्याच ठिकाणी निम्मं दुखणं तिथेच बरं होतं. मग रेट्रोआर्कमध्ये (एमुलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) गेम थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, पुढे सरकवा. पात्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. पुष्कळ गेममध्ये दोन-तीन फ्रेम जातात, आणि हा उशीर मूळ कन्सोलवरही होताच. आता त्यातल्याच रन-अहेड या सेटिंगमध्ये मोजलेल्या आकड्यापेक्षा एक कमी टाका. एमुलेटर दर फ्रेमला स्थिती जतन करतो, तेवढ्या फ्रेम गुपचूप पुढे खेळून शेवटची दाखवतो आणि परत मागे येतो. एक फ्रेम म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद, अशा दोन वाचल्या की उडी बोटाखालीच लागते, कधीकधी तर मूळ कन्सोलपेक्षाही चपळ.

पण दोन फ्रेम पुढे जायचं तर प्रत्येक फ्रेमला जवळपास तिप्पट काम पडतं. ज्या बोर्डाला गेम कसाबसा 60 फ्रेमवर पेलतोय, त्याच्याकडे हे करायला दम कुठून असणार? एन100 वर सुपर निन्टेंडोसाठी साधारण हलका एमुलेटर घेऊन तो दम उरतो, तोही गरम न होता.