खोडरबर बाजूला ठेवा

प्राथमिकच्या मुलांबरोबर प्रयोगाला बसले की मी आधी सगळ्यांचे खोडरबर गोळा करते. प्रयोग सुरू होण्याआधी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहायची: ‘मला वाटतं, असं होईल.’ नंतर काहीही झालं तरी ती ओळ खोडायची नाही. तिसरी-चौथीतली मुलं चुकलेल्या ओळीला फार घाबरतात. उत्तर दिसलं की हळूच आपला अंदाज पुसून तिथे बरोबर ते लिहून टाकतात, आणि मग त्या प्रयोगात त्यांचं स्वतःचं काही उरतच नाही.

विज्ञान उपक्रम म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं मला म्हणूनच पटत नाही. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी फसफसतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मजेला माझी ना नाही. पण प्रयोग मोठ्या माणसाने केलेला असतो, मुलं फक्त बघतात. तोच सोडा मुलांच्या हाती द्या, सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर चमच्या-चमच्याने वाढवायला सांगा. एका टप्प्यानंतर कितीही ओतलं तरी फेस येत नाही. ‘आता का येत नाही?’ असं कुणीतरी विचारतंच. माझ्या लेखी प्रयोग तिथे सुरू होतो.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग लंबकाचा. दोरा, एक नट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बस्स. टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर ठेवा, हलकासा झोका द्या आणि जाऊन-येऊन १० फेऱ्या मोजा. साधारण १० सेकंद लागतात. आता एकाऐवजी तीन नट बांधले तर? (एकाच जागी बांधा, एकाखाली एक लटकवले तर लांबीच बदलते.) जवळजवळ सगळे लिहितात, ‘जड आहे, लवकर जाईल.’ मोजतात तर पुन्हा १०च. विश्वास बसत नाही, परत मोजतात, शेजारच्या गटाचं घड्याळ मागून आणतात. कुणी न सांगता मुलं मोजमाप तपासायला लागतात, हे बघायला मला फार आवडतं.

मग विचारायचं, १० फेऱ्यांना २० सेकंद लागायला हवेत, तर दोरा किती लांब हवा? ‘५०!’ सगळे एका सुरात. ५०ला येतात १४च्या आसपास. ६०, ७५, ९० करत करत कुठलातरी गट १०० सेंटिमीटरवर पोहोचतो, तेव्हा २० होतात. वेळ दुप्पट हवा तर लांबी चौपट. वर्गमूळ हा शब्द त्यांनी ऐकलेलाही नसतो.

आता मेणबत्तीचा प्रयोग. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. मी कित्येक वर्षं मुलांना सांगत आले की ऑक्सिजन जळून गेला, त्याच्या रिकाम्या जागेत पाणी आलं. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘पाणी मेणबत्ती जळताना चढेल.’ प्रयोग झाल्यावर ती म्हणाली, ‘ताई, जळताना अगदी थोडंच चढलं. विझल्यावर भराभर चढलं.’ मी पुन्हा करून पाहिलं. तिचंच खरं होतं. मग आम्ही त्याच ग्लासाखाली दोन मेणबत्त्या लावल्या, पाणी आणखी वर गेलं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच! ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी कडेने बुडबुड्यांतून निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. पाणी चढण्याचं मुख्य कारण ते. शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. माझं चुकलं होतं, हे मी त्याच दिवशी सगळ्या मुलांना सांगितलं. त्या मुलीची वही मला अजून आठवते.

शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलं अडली की लगेच सांगून मोकळे होऊ नका, थोडा वेळ गप्प राहा. ते गप्प राहणं अवघड असतं, मला अजूनही जड जातं. गट तीन-चार जणांचाच ठेवा, नाहीतर एकच हात चालतो आणि बाकीचे बघत राहतात. महागडी किट लागत नाहीत. पण ज्योतीपाशी मोठं माणूस हवंच, भिंगातून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, आणि छोटी शक्तिशाली चुंबकं व बटणाएवढे सेल लहानांच्या हाती देऊच नका. गिळले गेले तर आतड्याला, अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

या आठवड्यात मुलांनी घेवड्याच्या बिया दोन कुंड्यांत लावल्या आहेत. एक कुंडी खिडकीत, दुसरी बंद खोक्यात, पाणी दोन्हींना सारखं. दहा दिवसांनी कुठलं रोप जास्त उंच असेल? मुलांचे अंदाज वहीत लिहून झाले आहेत. तुमचाही खाली लिहा. खोकं उघडेपर्यंत मी काही बोलणार नाही, आणि लिहिलेलं बदलायचं नाही.