तीन कॉर्ड शिकवणं ही फसवणूक नाही

नमस्कार.

गिटारवरचं पहिलं गाणं तीन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर) शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तर देणार नव्हतो, पण एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. ते असं: "तीन कॉर्ड बडवून पोरांना हॅपी बर्थडे म्हणायला लावायचं आणि गिटार आली म्हणून सांगायचं, ही पालकांची शुद्ध फसवणूक आहे."

आधी तुमची दुरुस्ती मान्य करतो. 'हॅपी बर्थडे'च्या चालीचं वर्ष मी 1898 लिहिलं होतं. मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या केंटकीतल्या बहिणींची ती चाल 'गुड मॉर्निंग टु ऑल' या शब्दांसह 1893 साली छापली गेली. चूक माझीच, लेखात बदल केला आहे.

आता फसवणूक. भिशीचे पैसे घेऊन पळून जाणाऱ्याला आपण फसवा म्हणतो. तुम्ही तोच शब्द मला लावलात, तोही माझा एकही वर्ग न बघता. 'गिटार आली' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. 'पहिलं गाणं आलं' असं लिहिलंय. या दोन वाक्यांतला फरक शिकवणाऱ्या माणसाला तरी कळायला हवा.

आणि 'बडवून' म्हणजे काय? तुम्ही कधी नवख्या मुलाला हे गाणं वाजवताना नीट पाहिलंय का? गाण्याला दादऱ्यासारखा तीन-तीनचा झोका आहे, पण पहिला ठोका 'हॅपी'वर पडतच नाही, तो 'बर्थ'वर पडतो. दहातली नऊ मुलं 'हॅ'वरच हात मारतात आणि दुसऱ्या ओळीपर्यंत शब्द एकीकडे, हात दुसरीकडे. 'हॅपी' तोंडाने म्हणायचं, हात थांबवून ठेवायचा आणि 'बर्थ'वर 'जी' हा कॉर्ड वाजवायचा, हे जमायला काहींना आठवडा लागतो. मग 'यू'वर डी. तिसऱ्या ओळीत चाल एकदम वरच्या सप्तकात उडी घेते आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या नावावर सी येतो. शेवटच्या ओळीत जी, डी, पुन्हा जी, तेही पटापट. लय, कॉर्डची अदलाबदल आणि गाता गाता वाजवणं हे सगळं या चार ओळींत आहे. याला बडवणं म्हणत असाल, तर बोलणंच खुंटलं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1994 साली सांगलीत मी ज्या क्लासला जायचो, तिथे सहा महिने फक्त स्केल, म्हणजे सुरांचे चढ-उतार, होत्या. तारेवर बोटं चिरायची, घट्टे पडायचे, आणि घरी कुणी "काहीतरी वाजव की" म्हणालं की वाजवायला काहीच नसायचं. आम्ही अकरा जण होतो, दिवाळीनंतर तिघं उरलो. मीही सोडलं. वडिलांनी बोनसमधून घेतलेली गिटार दोन वर्षं माळ्यावर पडून होती. भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला शेजारच्या एका दादाने ती खाली काढली, सूर लावले आणि तासाभरात मला हे तीन कॉर्ड दाखवले. संध्याकाळी केक कापताना मी वाजवलं आणि सगळं घर गायलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. त्या दिवसापासून आजपर्यंत गिटार माळ्यावर गेलेली नाही. आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं त्या एका संध्याकाळमुळे येतात. तिला तुम्ही फसवणूक म्हणालात, म्हणून लागलं.

"एफ टाळून शिकवतात," असंही तुम्ही लिहिलंत. हो, एफ हा कॉर्ड पहिल्या महिन्यात टाळतो. पहिल्याच पट्टीवर (फ्रेटवर), नटच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याशी तारा ज्या खाचांत टेकतात त्या तुकड्याच्या, अगदी जवळ, एका बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात; तिथे तार सगळ्यात कडक लागते. स्वस्त गिटारचा नट उंच असला, तर मोठ्या माणसाचं बोटही थकतं. म्हणून मी तोच आकार आधी पाचव्या पट्टीवर धरायला लावतो. तिथे तो ए होतो आणि बऱ्यापैकी सहज वाजतो. मग एकेक पट्टी खाली. माझी मुलं एफ वाजवतात; फक्त रडून वाजवत नाहीत.

कापोला (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणाऱ्या चिमट्याला) तुम्ही कुबडी म्हणालात, स्टाफ नोटेशनबद्दलही (पाश्चात्त्य स्वरलिपीबद्दल) बरंच लिहिलंत. त्यावर वाद घालायची मला इच्छा नाही. पाहुण्यांनी भरलेल्या घरात लोक वाटेल त्या सुरात गायला लागतात, तेव्हा कापो कशाला लागतो ते तुम्हालाही ठाऊक असेल.

मतभेद जरूर मांडा, यापुढेही उत्तर देईन. मात्र 'फसवणूक' शब्द मागे घ्यावा, ही विनंती आहे. आणि पंधरा वर्षं शिकवत असल्याचं तुम्ही आवर्जून लिहिलंच आहे, तर स्केलचे सहा महिने झाल्यावर तुमच्या एका बॅचमध्ये किती मुलं उरतात, तेही लिहा.