रॉकफेलर की फोर्ड? आधी होमस्टेडला या

दर रविवारी घरी फोन लावला की हल्ली एकच विषय, अमेरिकेतला सर्वात मोठा भांडवलदार कोण. भाचा म्हणतो रॉकफेलर, कारण देशातलं नव्वद टक्के तेलशुद्धीकरण त्याच्या मुठीत होतं आणि 1911 ला सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले तर हा उलट आणखी श्रीमंत झाला. दादा म्हणतो फोर्ड, त्याने 1914 ला कामगारांना दिवसाला 5 डॉलर दिले. दोघांचं एकमत कशावर, तर "आत्या, आपल्याकडे युनियनने गिरण्या बुडवल्या, तिकडे असलं काही चालत नाही." इथे माझं डोकं फिरतं.

तिकडे म्हणजे कुठे? मी पिट्सबर्गला राहते. 6 जुलै 1892 ला इथून जवळच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात टाळेबंदी होती, पहाटे मनाँगहेला नदीतून बार्ज भरून पिंकर्टन या खाजगी डिटेक्टिव्ह कंपनीचे 300 बंदूकधारी आणले, दिवसभर गोळीबार, सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले, मग मिलिशिया आली आणि युनियन मोडली. तिकडे काय चालतं ते हे. आणि फोर्डचे 5 डॉलर? असेंब्ली लाइनवर माणसं टिकतच नव्हती म्हणून दिले, शिवाय ते मिळायला कामगार घरी कसा राहतो हे बघायला कंपनीची माणसं जायची. दादाला हे सांगितलं की तो विषय बदलतो.

माझं मत विचाराल तर कार्नेगी, त्याच होमस्टेडच्या कारखान्याचा मालक. संपत्ती मोजायची तर रॉकफेलरच पुढे, पण मला ते मोजमापच पटत नाही. कार्नेगी 1848 ला स्कॉटलंडहून आला, विणकराचा मुलगा, आठवड्याला 1 डॉलर 20 सेंटवर सूतगिरणीत लागला. पुढे प्रत्येक टनाला कोळसा किती, मजुरी किती याचा हिशोब ठेवायची त्याने अशी सवय लावली की 1873 ला साधारण 120 डॉलर टन असलेला पोलादी रूळ 1898 ला 18 च्या आसपास आला. अख्ख्या देशाची रेल्वे, पूल, इमारती त्यावर उभ्या राहिल्या. भांडवलदाराचं काम हेच ना, वस्तू स्वस्त करणं? पण त्याच हिशोबात बारा तासांची पाळीही होती, आणि होमस्टेडला गोळ्या चालल्या तेव्हा साहेब स्कॉटलंडमध्ये होते, कारखाना आपल्या भागीदार फ्रिकवर सोपवून. मोठा मानायचा तर या सगळ्यासकट माना.

आणि जमशेदजींचं नाव या वादात का येत नाही? ते 1902 ला पिट्सबर्गला येऊन गेले, ज्युलियन केनेडीला भेटले, हा केनेडी कार्नेगीच्याच कारखान्यांत तयार झालेला इंजिनियर. पुढे टाटांच्या जमशेदपूरला 1912 मध्येच आठ तासांची पाळी आली, इथल्या पोलादवाल्यांना बारा तास सोडायला 1923 उजाडलं. हे मी इथे ऑफिसात मुद्दाम सांगते, आणि सांगताना बरं वाटतं.

माझे बाबा लोअर परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर, बाबा परत आत गेलेच नाहीत. जुनाट मशिनरीत मालकांनी वर्षानुवर्षं पैसा घातला नव्हता, भिवंडीचे पॉवरलूम स्वस्तात कापड काढत होते, जमिनीचे भाव चढत होते, यातलं काही न बोलता सगळं खापर संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांवर फोडायचं हे मला सहन होत नाही, भले भाच्याला मी जुन्या वळणाची वाटो. आता तिथे मॉल आहे. होमस्टेडलाही तेच, कारखान्याच्या जागी वॉटरफ्रंट नावाचं शॉपिंग सेंटर, थिएटरशेजारी विटांच्या चिमण्या रांगेत उभ्या, मी किराणा आणायला जायंट ईगलला तिथेच जाते.

इथल्याच ओकलंड भागातल्या कार्नेगी लायब्ररीत मुलीला नेते तेव्हा दारावरचं 'फ्री टू द पीपल' वाचून अजून छाती भरून येते, हे खरंच. या गावाबद्दल कोणी वाकडं बोललं की मी भांडते, गिरणगावाबद्दल बोललं तरी भांडते. इथल्या लोकांना 1982 माहीत नाही आणि घरच्यांना 1892, आणि दोन्ही एकत्र सांगायला गेलं की दोन्हीकडचे गप्प होतात, हे मला फार लागतं. पुढच्या वर्षी भाचा इथे शिकायला येतोय. त्याला मी पहिल्याच आठवड्यात होमस्टेडच्या पंपहाउसला, जिथे पिंकर्टनचे बार्ज लागले तिथे, नेणार आहे, मग रॉकफेलरवर काय बोलायचं ते त्याने तिथे उभं राहून बोलावं.