मेजरसाहेबांचं बुकिंग कसं घ्यावं

होमस्टे काढलात, अभिनंदन. पाटी रंगवून झाली असेल, फोटो इंटरनेटवर चढले असतील, तर आता मेजरसाहेबांच्या फोनची तयारी ठेवा. तो येतोच.

शक्यतो दुपारी येतो, तुम्ही जेवून आडवे झालेले असताना. श्रीनगरहून. पंधरा जवान, तीन दिवस, सगळ्या खोल्या. तुमचं घर कर्द्यात आहे की करमाळ्यात, समुद्र चालत किती लांब, एसी आहे का, सुरमई थाळीत धरलेली आहे की वेगळी, यातलं काही म्हणजे काही साहेब विचारत नाहीत. दर सांगितलात की 'ओके सर'. सकाळपासून पुण्याच्या एका गृहस्थांनी तीन फोन करून शंभर रुपये कमी करून घेतलेत आणि नऊ वर्षांच्या मुलाचं ताट अर्धं धरायला लावलंय. त्यांच्यापुढे हा देवमाणूस. काश्मीरचा गारवा सोडून पंधरा माणसं ऐन मे महिन्यात दापोलीला घाम गाळायला का येतील, असले प्रश्न देशभक्ताला पडत नसतात.

लगोलग व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार आणि गणवेशातला फोटो येईल. फोटो मोठा करून घरात सगळ्यांना दाखवा. फक्त वाडीतल्या निवृत्त सुभेदारांना दाखवू नका. खरा फौजी आपली कागदपत्रं अशी गावभर वाटत फिरत नाही, असं काहीतरी बोलून ते रसभंग करतील.

मग अकाउंटवाले साहेब लाइनवर येतात. आर्मीचं पेमेंट उलटं असतं, हे तुम्हाला त्यांच्याकडूनच कळतं. आधी तुम्ही एक रुपया पाठवायचा, ते दोन परत करतात. खरंच करतात! मिनिटभरात दामदुप्पट, तीही जामीनदाराशिवाय. आता विश्वास बसलाच आहे, तर त्यांनी पाठवलेला पंधरा हजारांचा क्यूआर स्कॅन करा आणि पैसे 'जमा होण्यासाठी' पिन टाका. नाक्यावरचा शहाळेवाला रोज पैसे घेतो आणि त्याला कधी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकता तुम्ही, कारण पैसे तुमचे जातात. पण तो बिचारा साधा माणूस, त्याला आर्मीचे नियम काय ठाऊक?

कधी कधी साहेबांकडून चुकून एक शून्य जास्त पडतं. पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि वरचे पंचेचाळीस परत करा म्हणून साहेब रडकुंडीला येतात, नोकरी जाईल म्हणतात. मेसेज बँकेचा, पण आलेला दहा आकडी मोबाइल नंबरावरून. बँकेलाही मोबाइल घेतल्याशिवाय चालत नसेल हल्ली. अॅप उघडून खात्यात शिल्लक किती ते बघत बसू नका, माणुसकी म्हणून काही असतं.

आणि पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायची घाई नको. लगेच केला तर रक्कम पुढच्या खात्यांत अडकवता येण्याची शक्यता असते, उगाच कुणाचा तरी दिवस वाया. चार दिवस लाजेत काढा, मग करा.

मला स्वतःला हे शेवटपर्यंत जमलं नाही. क्यूआर आला होता, बोट पिनवर होतं, आणि बायको आतून ओरडली, "पंधरात शाकाहारी किती, ते विचारा आधी."

विचारलं. "सब चलेगा सर."

"पंधरा जणांत एकाचाही उपास नाही, एकाला कोलंबी बाधत नाही?" ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मग ही माणसं येणार नाहीत." आणि फोन माझ्या हातातून घेऊन तिने सोलकढीत तिखट किती चालेल, हे विचारलं. अकाउंटवाल्यांनी फोन ठेवला.

एक रुपया फायद्यात राहिलो. तेवढ्यात पुण्याचा चौथा फोन आला, अजून पन्नास कमी होतील का म्हणून. केले.